पाणी पिकेपर्यंत

शालिमारच्या मागच्या गल्लीत मोईज कोकणींचं दुकान,
तीन पायऱ्या खाली, भर दुपारीही निळ्या उजेडाचं.
सटाण्याची फेरी संपवून मी खाकीतच गेले,
बोटांना अजून नाण्यांचा वास.
दीड फुटाची टाकी सुरुवातीला पुरे, ते म्हणाले.
किती मासे मावतील? हा माझा पहिला प्रश्न,
धंद्यातला.
ते हसले. ताई, यात उभे प्रवासी घेत नाहीत.

पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
रविवारभर वाळू धुतली.
तांदळाला तीन पाणी लागतात, हिला अकरा लागली.
त्र्यंबक रोडच्या कडेचे दोन काळे दगड आणले,
त्यांच्यावर लिंबू पिळून वाट पाहिली.
फेस आला असता तर परत टाकायचे होते.
आला नाही.
गंगापूर धरणाचं पाणी बादल्यांत दोन रात्री उघडं ठेवलं,
महापालिकेच्या औषधाचा वास उडेपर्यंत.
मग वाळूवर बशी, बशीवर धार,
इतकी बारीक, की खालच्या मातीला
कोणी आलंय हे कळू नये.

अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधली.
तिचा कंद पुरायचा नाही, गुदमरतो.
मागे व्हॅलिसनेरियाची रांग, पुढे क्रिप्ट,
चिमट्याने एकेक, श्वास धरून,
आणि पहिली तीन पुन्हा वर आलेली.

मासे कुठायत? बागूलकाकूंनी विचारलं.
अजून नाहीत.
मग रोज चिमूटभर खाद्य कोणाला टाकतेस?
कोणालाच नाही.
म्हणजे आहेत कोणीतरी, दिसत नाहीत.
आधी ते राहायला यायला हवेत,
मग पाणी पिकतं, मग मासे.
काकूंनी टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि वाटीभर वांग्याचं भरीत ठेवून गेल्या.

नवव्या दिवशी क्रिप्टची पानं काचेसारखी झाली,
बोट लावलं तर विरघळली.
मी वणीच्या स्टँडवरून फोन केला,
मागे कांद्याच्या गोण्यांवरून भांडण चालू.
उपटू नका, मोईजभाई म्हणाले,
नवीन पाण्यात ते असंच करतं. मुळं तशीच असू द्या.
हे त्यांनी झाडाबद्दलच सांगितलं होतं.
मी घाट उतरेपर्यंत तेवढंच ऐकत राहिले,
आणि एकाला शंभराचे सुटे दोनदा दिले.

ड्रायव्हर गांगुर्डे विचारायचा,
मासे नाहीत तर रात्री बघता काय, मॅडम?
पाणी.
दिवसभर ऐंशी माणसांचा आवाज कानात,
त्याला उतरायला जागा हवी.
दिवा सहाच तास, जास्त लावला तर शेवाळ.
तो बंद केल्यावरही मी तिथेच बसायचे,
फिल्टरची बारीक गुळगुळ ऐकत.

एकोणिसाव्या दिवशी काचेवर
मोहरीएवढी गोगलगाय.
कुठल्या पानाला चिकटून बसली, कधी चढली,
पत्ता नाही. विनातिकीट.
दंड करायला हवा होता.
मी चष्मा लावून तिचं तोंड पाहिलं,
काच चाटत चाटत ती व्हॅलिसनेरियाकडे निघाली होती,
घाई नसलेल्या माणसासारखी.
जाऊ दिलं.

नळीतले थेंब हिरवे व्हायचे.
मग पोपटी. मग एका मंगळवारी पिवळे.
त्याच आठवड्यात क्रिप्टच्या बुडाशी
एक तपकिरी टोक, सुईएवढं.
ते मी कोणाला सांगितलं नाही.

चौतिसाव्या दिवशी सहा गप्पी आणले,
पिशवी मांडीवर घेऊन, शहर बसमध्ये, प्रवासी म्हणून.
तशीच पाण्यात तरंगत ठेवली अर्धा तास,
मग थोडं आपलं पाणी आत, पुन्हा थोडं.
हळूच जाळीने उचलून सोडलं,
एक, दोन, मग तिघं एकदम, झाडांत दिसेनासे.
सहावा जाळीतच राहिला.
जाळी पाण्यात आडवी, तोंड उघडं,
तरी तो कोपऱ्यात,
आपलं गाव आलंय हे न पटलेल्या म्हाताऱ्यासारखा.

सावकाश, बाबा, मी म्हटलं.
गाडी थांबलेली आहे.