टाचण्या

शाळेच्या ऑफिसबाहेर देशाचा नकाशा लावलाय.
दर जूनमध्ये त्यावर टाचण्या टोचायचं काम माझं,
बारावीतलं कोण कुठे शिकायला निघालं, ते दिसावं म्हणून.
बॉस्टनला लाल, कॅलिफोर्नियाला निळी.
एका वर्षी ओडेट मिशो स्कॉटलंडला गेली,
तिची टाचणी चौकटीच्या लाकडात ठोकावी लागली,
ती बघायला लोक मुद्दाम यायचे.

राज्याच्या विद्यापीठाची टाचणी पांढरी.
ते आहे इथून चार मैलांवर, नदीच्या वरच्या अंगाला.
हॉकीचा सामना सुटला की मोटारींची रांग
आमच्या पुलापर्यंत येते
आणि तेवढ्यापुरतं ते सगळ्यांचं असतं.

एरवी विचारा.
"तिथे काय, कुणालाही घेतात," न्हावी सांगतो.
त्याला घेतलं नव्हतं.
डेंटिस्टच्या बायकोनं मला दुकानात गाठलं,
तुझ्या भाचीचं कुठे झालं?
इथेच, म्हटलं.
"छान. घराजवळ."
आजाऱ्याला म्हणावं ना, आज चेहरा बरा दिसतोय,
तसं.

पिकतं तिथे विकत नाही, आई म्हणायची,
ती तिथल्या मेसमध्ये एकवीस वर्षं भांडी घासत होती
आणि प्राध्यापकांना त्यांच्या ताटांवरून ओळखायची.
कोण कवच टाकून कोळंबी तशीच सोडतो,
कोण पाव रुमालात बांधून घरी नेतो.
तिला त्या इमारतीबद्दल आदर नव्हता, धाक नव्हता,
पण रागही नव्हता. पगार वेळेवर यायचा.

भाचीला सोडायला गेले त्या दिवशी
उत्तरेकडच्या बटाट्याच्या शेतांतून एक कुटुंब आलं होतं,
तीन तास गाडी चालवून.
बाप चर्चच्या बुटांत. पोरगा बापाच्या सुटात.
आईच्या हातात ब्लूबेरीचा केक, फडक्यात बांधलेला,
तो द्यायचा कुणाला हे तिला कळेना.
लायब्ररीच्या पायऱ्यांवर तिनं आवाज खाली आणला,
देवळात आणतात तसा.
शेवटी केक दिला पार्किंगवाल्या पोराला,
कारण त्यानं त्यांना "या" म्हटलं होतं.

मी तिथे उभी होते. चार मैलांवरची.
मला त्या पायऱ्या इतक्या उंच कधीच दिसल्या नव्हत्या.

माझा भाऊ रोझेर कागदाच्या गिरणीत होता, गिरणी बंद होईपर्यंत.
"पुस्तकं वाचणाऱ्यांना साधा नळ बदलता येत नाही,"
हे त्याचं वाक्य, बिअरच्या दुसऱ्या बाटलीला.
खरंही होतं. त्यांचे नळ तोच बदलायचा.
गेल्या हिवाळ्यात त्याच्या ट्रकच्या सीटखाली
मला एक जाडजूड पुस्तक मिळालं,
शिकारीच्या परवान्याच्या पाकिटात खूण घातलेलं, पान दोनशे बारा.
मंगळवारी आणि गुरुवारी तो जातो. संध्याकाळी. एकोणपन्नासाव्या वर्षी.
मी पुस्तक होतं तसं ठेवलं.
त्यानंही काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत डेंटिस्टीणबाईंचा फोन आला.
त्यांचा मुलगा बॉस्टनहून परत आलाय.
सोमवारपासून तो... हो, इथेच.
"पण ती लाल टाचणी," त्या म्हणाल्या,
"यंदापुरती राहू द्याल का?"
मी म्हटलं, राहू दे की. लाल माझ्याकडे पुष्कळ आहेत.

खरी अडचण पांढऱ्यांची आहे.
इतक्या वर्षांत, एकाच ठिकाणी टोचून टोचून,
नकाशाला तिथे भोक पडलंय.
नदी येते, भोकापाशी थांबते, मग पलीकडून पुढे जाते.
मधे भिंत दिसते.
टाचणी धरत नाही, पोपडा निघतो,
आणि सफाईवाला रोज सकाळी तिथली पांढरी भुकटी झाडतो,
बडबडत.

मुख्याध्यापक नवा नकाशा मागवतो म्हणालेत.
तोवर मी भोकाच्या कडेला, जिथे कागद अजून शाबूत आहे,
पांढऱ्या टोचत्येय.
यंदा यादीत चौदा नावं आहेत.
टाचण्या पंधरा.
कुणी विचारलंच तर म्हणेन, मोजताना चुकले.