सातवी चाचणी, लॉखी

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, हीटरजवळ
पडदा लावला, कॅमेरा लावला,
आणि बिस्किटांची थाळी मांडली. मागच्या वेळी
बिस्किटं नव्हती, तर तिघंच आले होते.

माझं काम नोंदींचं.
कोण कुठे थबकलं, कुठे हसलं,
कितव्या सेकंदाला मान वळवून मदत शोधली.
प्रोग्रॅम रुअरीचा : हवेत हात हलवा,
पडद्यावर रंग उमटतो.
बोट उचललं की रेघ, मूठ मिटली की डाग,
तळवा आडवा फिरवला की सगळं पुसून कोरं.
तीन वर्षं घातली त्यानं ह्यात,
आणि बहुधा एक लग्न.

टॅविश, वय अकरा, दोन मिनिटांत
सगळं गोठवून मोकळा झाला.
टॅक्सीवाला डोमान्तास खिशातून हातच काढेना.
म्हणाला, कोणी बघत असलं की मला जमत नाही.
मी लिहिलं, "वापरकर्ता तीन : आकृती नाही."
मग ते खोडून लिहिलं, "आम्ही बघत होतो."

चारनंतर इझोबेल पेट्री आली, चाकांची पिशवी ओढत,
सोबत नेटा. चित्रासाठी नव्हे,
घरापेक्षा इथली ऊब स्वस्त म्हणून.
दोघी तागाच्या गिरणीत समोरासमोरच्या मागांवर,
सव्वीस वर्षं.
त्या आवाजात तोंडाचा काय उपयोग!
बोलायचं ते बोटांनी, भुवयांनी,
आणि अजूनही, खोलीच्या दोन टोकांना बसल्या
की हात आपोआप सुरू.

कॅमेऱ्याने ते टिपलं.
कुणाच्या तरी सुनेची चहाडी
निळ्या रेघेत वर चढली,
गुडघ्याचं ऑपरेशन केशरी डागांत सांडलं,
भाजीचे भाव, किंवा दुसरंच काही, जांभळ्यात.
रुअरी खुर्चीवरून उठला. मी घड्याळ बघायचं विसरलो.
इतकं दाट चित्र
आमच्यापैकी कोणाच्याच हातून उमटलं नव्हतं.

तेवढ्यात नेटाने तळवा आडवा फिरवला
आणि पडदा कोरा.

रुअरी ओशाळला. म्हणाला, माफ करा,
ती खूण पुसण्याची आहे, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.
इझोबेल इतकी हसली की चष्मा काढावा लागला.
"अरे, ती आमची खूण. मुकादम येतोय!
तो आला की असंच व्हायचं,
होतं नव्हतं ते सगळं हवेतून गायब.
तुझ्या यंत्राला बरोबर कळलंय."

तो थोडा वेळ गप्प.
मग विचारलं, आणि मुकादम गेला, हे कसं सांगायचात?
तिने अंगठा खांद्यामागे हलकेच उडवला,
माशी हाकलावी तसा.
पडद्यावर काहीच झालं नाही.
त्यानं ते पेनने तळहातावर लिहून घेतलं,
कागद माझ्याकडे होते तरी.

प्रश्न नववा : हा प्रोग्रॅम मैत्रिणीला सुचवाल का?
नेटाने उत्तर दिलं, मैत्रीण इथेच बसलीये.
एक ते पाचपैकी कशावर गोल करावा, मला कळेना.
जाताना दोघींनी रुमालात चार बिस्किटं बांधली.
तीही मी नोंदली.

दुरुस्ती क्रमांक एकेचाळीस, रुअरीच्या अक्षरात :
"मुकादम गेल्यावर चित्र परत यायला हवं."

आठव्या चाचणीला ते परत आलं.
अंगठा खांद्यामागे, आणि निळं, केशरी, जांभळं
हळूहळू जागच्या जागी.
आम्ही टाळ्या वाजवणार होतो.
इझोबेलने नाक मुरडलं :
"पाच सेकंद लावतंय रे.
इतका वेळ आम्ही कधी गप्प नव्हतो."