रेशीम म्हणून

लेओकाद्याबाईंनी टेबलावर रुमाल सोडला.
आत दोन ट्वीटर, दोन्हींचे घुमट आत गेलेले,
उकडलेलं अंडं चमच्यानं टिचवावं तसे.
"पणतू. बटण समजून दाबलं.
एक दाबलं, मग न्यायानं दुसरंही."

वूच शहरात, मागच्या अंगणात माझं दुकान.
खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसते,
तिच्यावर आता नुसत्या चिमण्या.
मी पट्टी काढली, चहा ठेवला.
भोक चौऱ्याण्णव मिलिमीटर, स्क्रू चार, आठ ओहम.
मूळ कारखाना माझ्या लग्नाआधीच बुडाला,
तेव्हा तोच माल विसरा.
"मग जवळपासचा?"
जवळपासचा म्हणजे काय, बाई.
दोन डेसिबल जास्त असला
तर व्हायोलिन वूफरच्या डोक्यावर बसतं,
कमी असला तर खोलीत कुणी घोंगडी टाकल्यासारखं.
शिवाय क्रॉसओव्हर तीन हजारांवर तुटतो,
नव्याला तिथवर खाली उतरता आलं पाहिजे,
नाहीतर महिन्यात जळतो.

मांडल्या तीन जोड्या:
अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम, रेशीम.
धातू लख्ख बोलतो, रेशीम मऊ.
वीस वर्षं हेच वाक्य, गिऱ्हाईक तेवढं बदलतं.

ऐकवावं म्हणून यंत्र लावलं,
एकच सूर, पायरी पायरीनं वर.
दोन हजार, मान हलली.
तीन हजार, हलली.
चारच्या पुढे त्या चहाकडे बघू लागल्या.
आठ हजारांवर माझेच दात शिवशिवले,
त्या साखर ढवळत होत्या.
"सत्तावीस वर्षं मागावर," त्या म्हणाल्या,
"एका छपराखाली चारशे माग.
आम्ही ओठ बघून बोलायचो.
वरचे सूर गिरणीनं पगारातून कापून घेतले."

मग ट्वीटर कशाला, असं मी विचारलं नाही.
पण माझा चेहरा चोंबडा आहे.
"मांजर आहे. श्पुल्का.
कांडीसारखी गरगरते, म्हणून ते नाव.
झांज वाजली की डोळे न उघडता
कान टवकारते, आधी डावा.
मी तिच्या कानांकडे बघत ऐकते.
दीड महिना झाला, कान पडलेलेच.
तबकडी तीच, मला फरक कळत नाही.
तिला कळतो ना."

मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी
रेशमी घुमटाकडे बोट नेलं.
हात नको, म्हणालो, नाजूक असतं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
पहिल्या दिवशी धोटा उलटा धरणाऱ्या पोरीकडे
कधी बघितलं असेल तसं.
मी भंगाराच्या डब्यातून त्याच जातीचा एक जळका दिला.
अंगठा, तर्जनी. खालचा ओठ दातांत.
नखानं लेप खरवडला, एक धागा सोडवला,
काडी ओढली.
धागा आक्रसला, त्याची गोळी झाली, काळी, टणक.
"रेशीम केसासारखं जळतं. वास येतो.
हे पॉलिएस्टर आहे.
वीण मात्र चांगली. कुणीतरी लक्ष देऊन विणलंय."

वीस वर्षं.
मी खोक्यावरची सोनेरी अक्षरं परत वाचली.

त्यांनी तीच जोडी घेतली.
रेशमाचे पैसे लावू नकोस, म्हणाल्या.
नाही लावले.

शनिवारी बसवायला गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही.
लाल तार लालला, काळी काळ्याला,
वरून जाळी, कारण पणतू
स्टुलाखालून माझ्या बोटांवर नजर ठेवून होता.
तबकडी फिरली.
श्पुल्का हीटरवर पसरलेली, पोट वर.
बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली,
मीही माझी वळवली,
स्पीकरकडे पाठ.
झांज यायला अजून अवकाश होता.