उधार नाक

तीन महिने होडी झापांखाली,
आणि आमच्या माळ्यावर तिच्या आठ गाद्या.
गणपती बोळवून आल्यावर खाली काढल्या
तर चेनचे दात गंजून एकमेकांत रुतलेले,
निळ्या रेग्झिनवर काळे ठिपके
शिळ्या भाकरीवर यावेत तसे.

सुहासने आधी अत्तर फवारलं.
मोगरा आणि बुरशी:
गाभाऱ्यात कुणी ओली गोधडी वाळत घातलेली.

मग मी पक्कड घेतली.
स्पंज ओढून विहिरीवर नेले,
व्हिनेगरचं पाणी, मूठभर खायचा सोडा,
पायांनी मळले, भात मळावं तसे.
पाणी निघालं चहाच्या रंगाचं,
त्यात वाळू, खेकड्याची एक नांगी
आणि कुण्या बाळाच्या वाळ्यातलं घुंगरू.

भाद्रपदातलं ऊन. येतं नि जातं.
आठ गाद्या बाहेर, आठ गाद्या आत.
पाचव्या दिवशी हाताला हलक्या लागल्या.

पण वास गेला, हे मला कसं कळावं?
पावसाभर माझी उशी, पातळ, भरणीतलं मीठसुद्धा
त्याच वासाचं.
इस्तेरबायला हाक मारली,
"तुझा नाक जरा माका दी गो."
ती हुंगून म्हणाली,
"माका सुक्या बांगड्याचोच वास येता.
माझ्याच हातांचो."

आज देवबागहून पहिली फेरी.
सांगलीकडची माणसं, एक सहा वर्षांची पोर.
मी तिच्या नाकाकडे बघत बसले.
तिनं चपला काढल्या,
गादीवर गाल टेकला.
संगमावर डॉल्फिन आले, सगळे ओरडले.
ती उठली नाही.