नमुना क्रमांक एकोणचाळीस

नान्नजच्या माळावर काळवीट
रोज एकाच जागी लेंड्या टाकतो.
ढीग वाढत जातो, वाळत जातो.
हाच त्याचा सातबारा.
मी गुडघ्यांवर बसून त्यातल्या दहा उचलते,
चिमट्यानं, कागदी पुडीत,
आणि पुडीवर पेन्सिलीनं तारीख घालते.

मायाप्पा वाघमोडे मेंढरं थांबवून बघत असतो.
"बाई, सोनं निघतंय काय त्यातनं?"
शिसं निघतं, मामा. थोडं.
तांबं पाहिजे तेवढं निघत नाही.
तो मान हलवतो,
बाजारातला पडलेला भाव ऐकावा तशी.

कधी बाभळीच्या काट्याला केस अडकलेले असतात,
टोकाला काळे, मुळाशी फिके.
एवढ्याशा केसात काही महिने मावतात:
कुठल्या बांधाची माती चाटली,
कुठल्या ओढ्यात तोंड घातलं,
वारा फिरला त्या रात्री
कुठल्या चिमणीची राख पवन्यावर बसली.

प्रयोगशाळेत केस आम्लात विरघळतो.
पाण्यासारखा दिसतो मग.
यंत्र आकडा देतं,
दशांशचिन्हापुढं तीन घरं.
आकड्याला वास नसतो.

वास आमच्या घराला होता.
साखर पेठेत, मागच्या दारी रंगाचा हौद.
नायना सूत बुडवायचे,
कोपरापर्यंत लाल,
ऑर्डर बदलली की निळे.
जेवताना भात उजव्या हातानं कालवायचे
आणि अम्मा ताटाकडं बघायची नाही.
गटारीतून रंग वाहायचा,
आम्ही बहिणी पैज लावायचो, उद्या कुठला.
हातमोजे एकदा आणले होते कुणीतरी.
त्यांत अम्मानं मिरच्या साठवल्या.

त्यांचे केस कुणी मागितले नाहीत.
शेवटी शेवटी बोटं थरथरायची,
तर डॉक्टर म्हणाले, वय झालं.
बावन्न.

परवा पोटमाळ्यावर त्यांची फणी सापडली.
दातांत चार केस,
दोन पांढरे, दोन अजून रंगाचे.
कुठल्या रंगाचे ते सांगता येत नाही.

रजिस्टर उघडलंय.
ठिकाण: साखर पेठ.
आहार: भात, चिंचेचं सार, रविवारी मटण.
वावर: घर ते हौद.
प्रजातीचा रकाना तेवढा
कोरा ठेवलाय.

सकाळी साडेदहाला यंत्र तापतं.
नायना, थांबा जरा रांगेत,
तुमच्या पुढं अडतीस हरणं आहेत.