पिवळी ओळ

सकाळी सहाला लिलावाचे आकडे येतात.
बाहेर रात्रच. जानेवारीत या फ्योर्डात
अकरापर्यंत उजाडत नाही, आणि उजाडलं तरी
डोंगर उन्हाचा तुकडा खाली पडू देत नाही.
मी रिफ्रेश दाबते
आणि ये रे माझ्या मागल्या.
काल तासभर खपून बसवलेले रकाने
अंग चोरून उभे,
एकटा बोटींच्या नावांचा रकाना ऐसपैस मांडी घालून,
कारण कुणीतरी आपल्या बोटीला
सासूचं अख्खं नाव दिलंय, तिच्या बापाच्या नावासकट.
कॉडच्या किलोंमधले स्वल्पविराम गेले.
एकूण बेरीज छापताना दुसऱ्या पानावर, एकटीच,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.

सुरुवातीला मी रोज रंगवायचे. रोज पुसलं जायचं.
पोलंडहून मी आले ती मासे कापायला.
चार वर्षं हॅडकचे काटे काढले,
मग खांदा गेला, आणि मला वरच्या मजल्यावर बसवलं,
गुडफिन्नाच्या खुर्चीशेजारी.
ती तीन महिन्यांत निवृत्त होणार होती.
बोलायची कमी. माझं आइसलँडिक त्याहून कमी.
एक दिवस माझी बोटं बघत राहिली, मग म्हणाली,
बोगुमिवा, तू भिंत रंगवतेयस.
माणसं घर बदलतात.

मग दाखवलं.
पिव्होटवर उजवी कळ, पर्याय,
तिथे दोन चौकोन.
रुंदी आपोआप जुळवा: ही खूण काढायची.
फॉरमॅटिंग जपा: ही राहू द्यायची.
स्वल्पविराम हवा तर तो सेलकडे मागायचा नाही,
फील्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथेच सांगायचा,
म्हणजे अंगवळणी पडतो.
आणि रंग द्यायचा तर माउस
नावाच्या डाव्या कडेला न्यायचा, हळू,
बारीक काळा बाण उमटेपर्यंत.
बाण आला की समज, आता तू जागेला नाही,
त्याला हात लावलायस.

ही अक्कल तिला फुकट आली नव्हती.
एका वर्षी मालक म्हणाला, ज्या बोटीला
बर्फ मोफत द्यायचा ती पिवळी कर.
गुडफिन्नाने ओर्मरची पिवळी केली,
दोन माणसांची होडी, खोकणारं इंजिन.
दुसऱ्या दिवशी क्रम बदलला.
ओर्मर नवव्या ओळीत गेला,
पिवळा सातव्या ओळीतच बसून.
आठवडाभर फुकटचा बर्फ गेला
फ्योर्डातल्या सगळ्यात मोठ्या ट्रॉलरला.
ट्रॉलरचा कप्तान काही सांगायला आला नाही.
ओर्मरही आला नाही. तो म्हणे दुकानातून
गोठवलेल्या वाटाण्याच्या पिशव्या आणून
माशांवर रचत होता.
हे ती हसत सांगत होती,
वाटाण्यापर्यंत.

गेल्या शरदात ओर्मरने कोटा विकला,
होडी दक्षिणेला गेली.
नव्या वर्षाच्या आकड्यांत तो कुठेच नाही.
पण फिल्टरची यादी उघडली
की अजून त्याचं नाव, खूण करायला चौकोनासकट.
जुनी नावं किती ठेवायची, याचंही एक सेटिंग आहे.
'एकही नाही' निवडलं की झालं.
मला माहीत आहे ते कुठे आहे.
राहू दे. उद्या परत आला
तर पिवळाच येईल.

आज ट्रॉलर भरून आला.
आकडा रकान्यात मावला नाही,
रुंदी मीच बांधून ठेवली होती ना.
किलोंच्या जागी नुसतं जाळं,
######## अशा बारीक विणीचं,
मासा दिसेना.
मालक कॉफी घेऊन दारात.
बिघडलं का, म्हणाला.
मी रकान्याची कडा धरली, बोटभर ओढली.
नाही, म्हटलं. भरलंय.