लाकडी बेडूक

मिसेस हॅल्वरसननी गृहपाठ दिलाय:
दोन वर्तुळं, एकमेकांवर जराशी चढलेली.
डावीकडे एम्परर पेंग्विन, उजवीकडे वुड फ्रॉग,
ज्याचं शलाकानं परस्पर मराठी करून टाकलंय:
लाकडी बेडूक.

डुलुथ. जानेवारी.
संध्याकाळचे साडेचार, म्हणजे रात्र.
खिडकीच्या फटीला मी लावलेली चिकटपट्टी
सरोवरावरचा वारा सोलत बसलाय.

मी वाचतो, ती लिहिते.
पेंग्विनची आई अंडं बाबाच्या पावलांवर सोपवते
आणि समुद्राकडे निघून जाते.
"कशाला?"
जेवायला.
"आणि आपली आई?"
स्टँपिंगला.

(चौथा महिना. पासपोर्ट मुंबईत कुठल्याशा खणात,
वैजू सोलापुरात भावाकडे,
रोज सकाळी तोच नंबर टाकून बघते.)

बाबा उभा. अंधारात, वाऱ्याकडे पाठ करून.
अख्खा चातुर्मास उपास,
मधे साबुदाणासुद्धा नाही.
आपण तळहाताच्या फोडासारखं जपतो म्हणतो,
हा पावलांवर जपतो.
चाललाच तर असा,
काठोकाठ दुधाचं पातेलं घेऊन निघाल्यासारखा.
अंडं बर्फाला टेकलं, की संपलं.

आणि लाकडी बेडूक
कुणासाठी उभाबिभा राहत नाही.
पाचोळ्याखाली शिरतो आणि गोठतो.
डोळे गोठतात. मांडीला टिचकी मारली तर वाजेल.
श्वास बंद, हृदय बंद.
"म्हणजे मेला?"
नाही गं. थंडी लागताच त्यानं रक्तात साखर मुरवलेली असते,
तेवढ्यावर निभतं.
साखरझोप, मी म्हणतो,
आणि तिला तो शब्द लिहायचाच असतो.
मिसेस हॅल्वरसनना कळणार नाही.
"मग मी सांगेन ना त्यांना."

मधल्या जागेत ती लिहिते: थंडी.
मग पेन्सिल चावते.

वेण्या, डबा, हातमोज्यांची हरवलेली जोडी, पडलेला दात:
इतके दिवस मी स्वतःला डाव्या वर्तुळात धरून होतो.
पण ती झोपल्यावर, फोन ठेवल्यावर,
सिंकमध्ये कुकर तसाच,
मी ओट्याशी बसतो जाकिटासकट,
आणि घड्याळात एकदम पावणेदोन झालेले असतात.
मधे कोण श्वास घेत होतं, सांगता येणार नाही.

"उन्हाळ्यात आधी काय वितळतं त्याचं?"
मी ओळ शोधतो.
आधी हृदय. पाय मागाहून.
ती ते लिहिते, नेमकं मधल्या जागेत.
तिथे नाही, ते फक्त बेडकाचं, असं म्हणायला
मी खोडरबर उचलतो
आणि कंपासपेटीत ठेवून देतो.

बाथरूमची फरशी गार.
ती तिचे दोन्ही पाय माझ्या पावलांवर ठेवून उभी राहते,
तोंडात ब्रश, फेस,
"हलू नको हां बाबा,"
एवढंच कळतं त्यातलं.